उर्सुलाच्या अंगणातली नळी

तर उर्सुला त्या नळीवर घमेलं उपडं घालून त्याच्यावर बसली होती, इथवर काल आलो होतो आपण, आणि मग तुमच्यातल्या कोणाला तरी जांभया यायला लागल्या. बसली होती म्हणजे मांडी घालून नव्हे. दोन्ही पाय अंगणात रोवून, लुगड्याचा पदर कमरेला खोचून, गुडघ्यांवर कोयता आडवा ठेवून. समोर गावातले चारपाच तरणे गडी पहार घेऊन उभे. पहार त्यांच्या हातात होती खरी, पण घामही त्यांनाच फुटला होता.

"या कोयत्यानं मी केळीचे लोंगर कापते," उर्सुला म्हणाली. "पण आज केळीच पाहिजे असं काही नाही."

गडी मागं सरले. पुढारी होता तो म्हणाला, "मावशी, आम्ही तुझ्याच भल्यासाठी आलोय."

"माझं भलं करायला पहार लागते काय रे? परवापर्यंत माझ्या वाडीतले पेरू चोरत होतास, तेव्हा हातानं जमायचं."

आता काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागं जातो, म्हणजे ही बाई कोण, नळी कसली आणि पहार कशाला, ते कळेल.

उर्सुला आमची वसईजवळच्या सांडोरची शेजारीण. आमची वाडी आणि तिची वाडी यांच्यामध्ये एकच बावखल. बावखल म्हणजे झाडांना पाणी द्यायला वाडवडिलांनी खणून ठेवलेलं तळं. एका काठानं आम्ही पाणी घ्यायचं, दुसऱ्या काठानं त्यांनी. आम्ही हिंदू, ते ख्रिस्ती. तिच्या घरातली बोली वेगळी, आमच्या घरातली वेगळी. पण उर्सुला रागावली की सगळ्यांना समजेल अशा स्वच्छ मराठीत यायची, म्हणजे ऐकणाऱ्याला कळलं नाही अशी सबब राहायला नको.

आणि रागावायची किती! एकदा एसटीच्या कंडक्टरनं तिची वांग्यांची टोपली जागा नाही म्हणून खाली ठेवली. हिनं ती डोक्यावर घेतली आणि गाडीपुढं जाऊन उभी राहिली. ड्रायव्हर भोंगा वाजवतोय, आतले लोक ओरडतायत, ही हलायला तयार नाही. शेवटी एक गृहस्थ उठून उभे राहिले, त्यांच्या जागेवर टोपली बसली आणि उर्सुला स्वतः उभ्यानं बाजारात गेली. दुसऱ्या खेपेला नवीन आलेल्या फादरनी प्रवचनात सांगितलं की गावातल्या बाया फार कुचाळक्या करतात. मिस्साची प्रार्थना संपल्यावर ही देवळाच्या दारात. त्यांच्यात चर्चला देऊळच म्हणतात जुनी माणसं. "फादर, तुम्हाला कोणी सांगितलं?" फादर म्हणाले, "लोक बोलतात." ही म्हणाली, "मग बोलणारे लोक आणि ऐकणारे तुम्ही. आम्ही बाया होतो कुठं त्यात?" फादर मोठ्यानं हसले आणि पुढं तिच्या घरी जेवायलाही येऊ लागले.

नवरा प्लासिड. देवमाणूस. केळी लावावी, भाजी काढावी, संध्याकाळी ताडी प्यावी, आणि बोलायचं काम बायकोवर सोपवावं. दोघांना एकच पोर, जुलियाना. तिचं लग्न जवळच्याच गिरीज गावच्या जेम्सच्या मुलाशी, ॲन्सेल्मशी, ठरलेलं. जेम्स मुंबईच्या गोदीत मुकादम होता. बोलणं मऊ, पण समोरच्यानं मान खाली घालूनच ऐकावं अशी सवय लागलेला. मुलगा मात्र बुजरा, कंपनीत नोकरीला. दोघा पोरांचं एकमेकांवर मन होतं, सगळ्या गावाला ते माहीत होतं आणि कोणाची काही तक्रार नव्हती.

हे त्र्याऐंशी साल. त्या वर्षी पावसाळा संपता संपता भातसा धरणाच्या बाजूला, खर्डीकडे, जमीन हलायला लागली. धक्के लहान, पण एकामागून एक. तिकडची माणसं घराबाहेर झोपू लागली. आमच्याकडं फळीवरची वाटीसुद्धा हलली नव्हती, पण बोलायला विषय झाला. आणि नाताळाच्या बऱ्याच आधी एक दिवस टांग्यातून एक साहेब उतरले. देवस्थळी नाव. मुंबईच्या कुठल्याशा संशोधन संस्थेतले. पोरगेलेसे, चष्मा, हातात एक पेटी. दोनचार वाड्या बघून उर्सुलाच्या अंगणात आले आणि तिथंच उकिडवे बसले.

"मावशी, तुमच्या अंगणात एक नळी पुरू का?"

"कशाला?"

"जमिनीतला वायू मोजायला."

उर्सुलानं मला हाक मारली. साक्षीदार असल्याशिवाय ती परक्या माणसाशी बोलणं करत नसे. मग साहेबांनी सांगितलं. मला जसं आठवतं तसं सांगतो. दगडात, मातीत एक वायू आपोआप तयार होत असतो, रेडॉन त्याचं नाव. त्याला रंग नाही, वास नाही. मातीच्या बारीक बारीक छिद्रांतून तो हळूहळू वर येतो आणि हवेत निघून जातो. खाली खडकावर ताण पडला, चिरा उघडल्या, तर तो कधी कधी जास्त येतो. म्हणून ठिकठिकाणी नळ्या पुरून मोजायचं.

"आणि जास्त आला की भूकंप?" उर्सुलानं विचारलं.

"काही ठिकाणी भूकंपाच्या आधी वाढलेला सापडलाय. काही ठिकाणी वाढला आणि काहीच झालं नाही. काही ठिकाणी भूकंप झाला आणि हा वाढलाच नव्हता."

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही."

"नाही. कोणालाच अजून नीट माहीत नाही."

"मग बसा. चहा घ्या," उर्सुला म्हणाली. शिकल्यासवरल्या माणसानं मला माहीत नाही असं सरळ म्हणावं, याचं तिला फार बरं वाटलं.

साहेबांना अंगणच हवं होतं. वाडीत रोज पाणी फिरतं, माती खालवर होते; अंगण वर्षानुवर्षं तसंच असतं. त्यांनी दोन अटी घातल्या. नळीच्या आसपास खणायचं नाही आणि पाणी ओतायचं नाही. उर्सुलानं एक अट घातली. जानेवारीत पोरीचं लग्न आहे, नळी मांडवाच्या खांबाला आडवी येता कामा नये. मग अंगणातल्या क्रुसाच्या पलीकडं, कोपऱ्यात, हातभर खोल नळी गेली. वर झाकण. दर गुरुवारी साहेब यायचे. झाकणाला रबरी नळी जोडायची, आतली हवा डब्यात ओढायची, डबा पेटीत बसवायचा, थोडा वेळ थांबायचं आणि पेटीवरचे आकडे टिपायचे. तेवढ्यात चहा आणि सुकेळं, म्हणजे उन्हात वाळवलेलं केळं. आकडा दर वेळी साधारण सारखाच. साहेब खूश, उर्सुला खूश.

नाताळ झाला आणि लग्नाची गडबड लागली. आता आमच्या वसईत अंगणाशिवाय लग्न नाही, मग तुम्ही कोणत्याही देवाचे असा. मांडव अंगणात, जेवण अंगणात, बँड अंगणात. आदल्या संध्याकाळी बायका वाजतगाजत विहिरीवरून उंबराचं पाणी आणतात नवरीला आंघोळ घालायला, तेही अंगणातच उतरतं. म्हणजे अंगण आधी करायला हवं. नवी माती आणायची, कालवून पसरायची, चोपणीनं बडव बडव बडवायची, मग शेणानं सारवायची, वाळली की परत सारवायची. शेवटी अशी जमीन होते की सांडलेला भात वेचून खावा.

पण साहेबांच्या अटी! उर्सुलानं विचार केला. खणायचं नाही ना? नाही खणलं. मातीचं ओझं बाहेरून आणलं. पाणी ओतायचं नाही ना? नाही ओतलं. बावखलाच्या काठी चिखल कालवला आणि घमेल्यांतून अंगणात आणला. आळीतल्या बायका आठवडाभर चोपण्या घेऊन बडवत होत्या. माझी बायको मालनही होती त्यांच्यात, तिचे खांदे धरले होते. नळीभोवती उर्सुलानं कोणाला हात लावू दिला नाही. तिथली माती तिनं स्वतः बोटांनी दाबली, नळीच्या गळ्याशी इतकी घट्ट की मुंगी शिरायची नाही. परक्याची ठेव आहे, म्हणाली, नीटनेटकी दिसली पाहिजे.

पुढच्या गुरुवारी साहेब आले तेव्हा अंगणभर चटया होत्या. लग्नाच्या वड्यांचे तांदूळ धुऊन वाळत घातलेले. साहेब चटयांच्या कडेकडेनं पाय टाकत कोपऱ्यात गेले, नळी जोडली, पेटी लावली आणि आकडे बघून त्यांचं तोंड बदललं. परत हवा ओढली, परत मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. मग उठले.

"गॅस वाढलाय," ते म्हणाले. "एकदम दुपटीच्या वर. यंत्राचंच काहीतरी असेल. तपासून आणायला हवं."

चहा न घेता टांग्यात बसून गेले. उर्सुला तेव्हा बाजारात होती. घरी होता प्लासिड.

इथं मला अजूनही चीड येते, साहेबांची नव्हे, आमच्या गावाची. प्लासिडला ताडीच्या गुत्त्यात कधी कोणी विचारलं नव्हतं. त्याच्याकडं बातमी अशी कधी नसायचीच; घरातल्या सगळ्या बातम्या बायकोनं आधीच सांगून झालेल्या. त्या संध्याकाळी पहिल्यांदा त्याच्याकडं काहीतरी होतं. "आमच्या अंगणात गॅस दुप्पट झाला," तो म्हणाला. "साहेब चहा न घेता पळाला." बस. एवढंच बोलला बिचारा. पण ताडीवाल्याकडून उठलेली प्रत्येक जीभ त्याला काही ना काही चिकटवत गेली. पापडीला पोचेपर्यंत रविवारी भूकंप ठरला होता. गिरीजला पोचेपर्यंत उर्सुलाच्या अंगणाला भेग पडून त्यातून धूर निघत होता. गुरुवारी ज्या शहाण्यांनी ही गोष्ट हसत ऐकली त्यांनीच शनिवारी खाटा बाहेर काढल्या. आणि गंमत म्हणजे उर्सुलाच्या अंगणात येऊन त्या भेगेकडं डोळ्यांनी बघावं, एवढं एकालाही सुचलं नाही! अंगण तिथंच, फाटक उघडंच, लोक मात्र वळसा घालून जायला लागले.

रविवार आला. भूकंप आला नाही. मिस्सा झाल्यावर जेम्स आला, बरोबर गिरीजची दोन वडीलधारी माणसं आणि मागं ॲन्सेल्म. फाटकाच्या आत यायला तयार नव्हते. फाटकाबाहेरून बोलणं सुरू झालं, मी कुंपणाशी उभा होतो.

"विहीणबाई, आम्ही लग्न मोडत नाही," जेम्स म्हणाला. "पुढं ढकलतो एवढंच."

"कुठवर?"

"जमीन शांत होईपर्यंत."

"आत्ता नाचते काय?"

"तसं नव्हे. पण गॅस…"

"पाहिलात तुम्ही?"

"तो दिसत नाही म्हणतात."

"वास आला?"

"वासही नसतो म्हणतात."

"दिसत नाही, वास नाही, आणि त्याच्या भीतीनं तुम्ही माझ्या फाटकाबाहेर उभे! गोदीत मुकादम कोणी केलं तुम्हाला?"

बरोबरच्या एकाला हसू आलं, त्यानं ते खोकल्यात घातलं. जेम्सचं तोंड लाल झालं. आता ख्रिस्ती लग्नाचं एक सांगून ठेवतो. लग्नाआधी तीन रविवार देवळात सगळ्यांसमोर नवरा-नवरीची नावं पुकारतात. जुलियाना आणि ॲन्सेल्मची नावं दोनदा पुकारून झाली होती. तिसरी पुकार येत्या रविवारी.

"मी फादरना सांगून आलोय," जेम्स म्हणाला. "ते शनिवारपर्यंत थांबणार आहेत. तोवर साहेबाकडून खात्री झाली नाही तर तिसऱ्यांदा नावं वाचायची नाहीत. आणि खरं सांगू? लोक असंही म्हणतात की असल्या जागेतली मुलगी घरात आणावी की नाही."

जुलियाना ओसरीवर सूप घेऊन उभी होती. तिनं ते ऐकलं. रडली वगैरे नाही. ॲन्सेल्मकडं बघितलं. तो बापाच्या मागं उभा राहून स्वतःच्या चपला बघत होता. मग ती सुपासकट आत गेली.

दोन पुकारी झाल्या आणि तिसरी अडली, याचा अर्थ काय होतो ते तुम्हा आजकालच्या मुलांना नाही कळायचं. पोरीचं काय चुकलं, हे लोक जन्मभर विचारतात. आणि तिचं काही चुकलं नाही म्हटलं तर जास्त विचारतात. उर्सुलाला ते कळलं होतं. ती फाटकापर्यंत चालत गेली. मला वाटलं, आता जेम्सला काही खरं नाही. पण ती ॲन्सेल्मशी बोलली.

"चपला चांगल्या आहेत बाबा. नीट बघून घे. जुलियानानं आत गेल्यावर तुला तेवढंच उरलंय बघायला."

आणि फाटक लावून घेतलं.

त्यानंतर प्लासिडची पाळी. आवाज आमच्या घरापर्यंत येत होता. "इतकी वर्षं तुला म्हणत आले, बोल रे, चारचौघांत तोंड उघड. शेवटी उघडलंस ते पोरीच्या लग्नाच्या तोंडावर, आणि गुत्त्यात!"

सोमवारी सकाळी ते गडी आले पहार घेऊन. कल्पना आमच्या आळीतल्या वडीलधाऱ्यांची होती. नळी उपटायची, भोक सिमेंटनं बुजवायचं आणि गिरीजला निरोप पाठवायचा की झालं, आता काही नाही. प्लासिडनं मान डोलावली होती. आळीतल्या सगळ्यांनाच ते पटलं. उर्सुलाला नाही. तिनं घमेलं उपडं घातलं आणि बसली. तिथंच आपण सुरुवात केली होती.

"उपटलीत की काय होईल?" ती म्हणाली. "तो गिरीजवाला म्हणेल, अंगणात काहीतरी होतं म्हणूनच झाकलं. माझी पोर त्याच्या घरी गेली तरी म्हणत राहील. तिच्या पोराला ताप आला तरी म्हणेल. ज्यानं नळी घातली त्यानंच येऊन सांगायचं काय ते, चारचौघांत, याच जागी. तोवर हिला हात लावाल तर हात इथंच राहील."

"आणि साहेब आलाच नाही तर?" पुढाऱ्यानं विचारलं.

"तर मुंबईला जाऊन कानाला धरून आणीन."

तेव्हापासून तिचा मुक्काम तिथंच. दिवसा ती घमेल्यावर बसून लग्नाचे तांदूळ पाखडायची, लसूण सोलायची, मसाला निवडायची. राग आला की तिचे हात दुप्पट चालत. त्या तीन दिवसांत इंद्यालचा, म्हणजे लग्नातल्या मांसाच्या रश्श्याचा, सगळा मसाला तिनं एकटीनं निवडून काढला. येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत होती ते वेगळंच. बुधवारी मला बोलावून म्हणाली, "भाऊ, गिरीजला जा. त्याला सांग, उद्या साहेब येणार आहे, ऐकायला ये. नाही आलास तर रविवारी देवळाच्या दारात येऊन मी स्वतः ऐकवीन." मी सायकल काढली. जेम्सनं निरोप ऐकला आणि शुक्रवारी सकाळी येतो म्हणाला. घाईनं येणं त्याच्या मानाला शोभत नव्हतं.

गुरुवारी साहेब टांग्यातून उतरले. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. हसत फाटकातून आत आले.

"मावशी, यंत्र तपासून आणलंय. यंत्र अगदी ठीक आहे."

"यंत्र ठीक आहे!" उर्सुला उठली. "यंत्राचं लग्न नाही पुढच्या आठवड्यात, माझ्या पोरीचं आहे! गॅस वाढला म्हणालात, चहा न घेता पळालात, आणि इथं आम्ही आठवडाभर तोंड दाखवायच्या लायकीचे राहिलो नाही. वाढला तर का वाढला ते सांगायचं नाही? नाही वाढला तर वाढला म्हणायचं कशाला? एवढी पेटी घेऊन फिरता, जीभ आवरायचा एखादा स्क्रू नाही तिच्यात?"

साहेब उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांची नजर खाली गेली. चटया आता गुंडाळलेल्या होत्या. अंगण फाटकापासून ओसरीपर्यंत सलग, चकचकीत, एक भेग नाही. ते खाली बसले. बोटानं टकटक केलं. नळीच्या गळ्याभोवती नख लावून बघितलं.

"हे कधी केलं?"

"नववर्षाला. लग्नाला सारवायचं नाही?"

साहेबांनी कपाळावर हात मारून घेतला. "मावशी, तुम्ही जमिनीचं तोंड बंद केलंत! तो वायू रोज या मातीतून निसटून जायचा. आता वर निघायला वाट नाही, म्हणून खालीच साठतोय. भाताच्या पातेल्यावर झाकण घातलं की वाफ कोंडते, तसं. वाफ कोंडली म्हणजे चुलीत जाळ वाढला असं नाही."

"तुम्ही म्हणाला होतात खणू नका, पाणी ओतू नका. सारवू नका म्हणालात? भाऊ, तू होतास ना?"

मी मान हलवली. साहेब म्हणाले, "नाही म्हणालो. आणि गेल्या खेपेला चटया उचलून बघितलं असतं तर तिथंच कळलं असतं."

"मग आता सांगा सगळ्यांना."

"सांगतो. पण आधी खात्री करायला हवी. नळीभोवतीचं हे सारवण काढावं लागेल. चांगलं मोठं, दोन खाटा मावतील एवढं. मग उद्या परत मोजू."

आळीतल्या बायका जमल्या होत्या, त्यांनी एकदम गलका केला. आठवडाभर खांदे मोडून बडवलेलं अंगण! मालन म्हणाली, "आमच्या हातांचं काय?" उर्सुलाचे डोळे असे झाले होते की साहेब एक पाऊल मागं सरले. पण तिनं कोयता घेतला, खाली बसली आणि स्वतः खरवडायला लागली. प्रत्येक फटक्याला एकेक नाव घेत होती: हा ताडीवाल्याला, हा पापडीवाल्यांना, हा जेम्सला, हा प्लासिडला. प्लासिड शेजारी बसून खरवडलेली माती निमूटपणे घमेल्यात भरत होता. साहेब त्या दिवशी आमच्याकडं राहिले.

शुक्रवारी सकाळी जेम्स आला, तीच दोन माणसं बरोबर. ॲन्सेल्म दिसला नाही; रात्रपाळीला गेला तो अजून परतला नाही, जेम्स म्हणाला. या वेळी फाटकाच्या आत आले, पण ओसरीपर्यंत नाही. आळी जमलेली, जुलियाना दारात. साहेबांनी नळी जोडली, हवा ओढली, पेटी लावली. मग त्यांनी आकडा बघितला आणि पेटी फिरवून जेम्सच्या समोर धरली.

"उतरला. जवळजवळ पहिल्यासारखा. सारवणानं कोंडला होता, दुसरं काही नाही. आणि आणखी एक सांगतो. आमच्या नळ्या खर्डीकडं आहेत, वज्रेश्वरीच्या गरम कुंडांपाशी आहेत. या अंगणात मी नळी घातली ती इथं काही घडत नाही म्हणून. तिकडचे आकडे ताडून बघायला एक शांत जागा हवी होती."

ऐकलंत? सगळ्या तालुक्यातली शांत म्हणून निवडलेली जागा, आणि तिच्यावरून आठवडाभर माणसं खाटा उचलून पळत होती! आळीत हसू फुटलं. खाटावाल्यांनी सगळ्यात मोठ्यानं हसून घेतलं. उर्सुला हसली नाही. ती जेम्सकडं बघत होती.

जेम्सनं घसा साफ केला. सगळ्यांसमोर हरणं त्याला जमण्यासारखं नव्हतं. "साहेब, मग एवढं कागदावर लिहून द्या," तो म्हणाला. "इथं भूकंप होणार नाही म्हणून."

"ते मी देऊ शकत नाही," देवस्थळी म्हणाले. "होणार असंही नाही आणि होणार नाही असंही नाही. या वायूवरून तारीख सांगता येत नाही. जगात कोणालाच येत नाही."

"बघा," जेम्स वळला. आवाज एकदम मऊ केला. "विहीणबाई, साहेबसुद्धा हमी देत नाही. मग तुम्हीच सांगा, माझा पोरगा मी कशाच्या भरवशावर तुमच्या मांडवात आणू?"

साहेब काही बोलणार होते. उर्सुलानं हातानं त्यांना गप्प केलं. कोयता क्रुसाच्या पायरीवर ठेवला, मातीचे हात पदराला पुसले आणि सगळ्यांना समजेल अशा मराठीत, आवाज जराही न चढवता म्हणाली:

"हमी मलाही कोणी दिली नव्हती, व्याही, मी या घरात आले तेव्हा, आणि गोदीत डोक्यावरनं ओझी फिरतात तिथं तुम्हीही कोणाकडून लिहून घेतली नसेल. पोराला मांडवात आणायची काळजी करू नका, तो काल संध्याकाळीच आलाय, माझ्या मागच्या पडवीत बसून मांडवाच्या झावळ्या विणतोय. जा, विचारा त्याला, तुमच्याबरोबर येतो का. आणि नाही म्हणाला तर परवा देवळात पहिल्या बाकावर येऊन बसा, म्हणजे फादर तिसऱ्यांदा नावं वाचतील तेव्हा तुमचं तोंड सगळ्या गावाला नीट दिसेल."